मोटारीचं दावं

आखाजी हुकण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली, आणि ती माझ्या सासऱ्यांच्या प्रामाणिकपणामुळे आली.

पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. आमच्या खानदेशात ती आखाजी, सासुरवाशिणींचा सण. वावरं मोकळी झालेली असतात, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि वर्षभर मनात दाबून ठेवलेलं सगळं गाण्यातून बाहेर काढतात. सासूच्या नावाने काहीही गावं, त्या दिवशी कुणी विचारत नाही. माझं सासर कोरीट, नंदुरबारच्या वाटेवरचं. माहेर म्हसावद, तापी ओलांडून शहाद्याच्याही पलीकडे. बैलगाडीने जायचं तर जाण्यायेण्यातच सण संपायचा. माझ्या सासूबाई, जमनाबाई, दर वर्षी म्हणायच्या, "जावाले दोन दिवस, येवाले दोन दिवस. झोका कवय खेयशी?"

मोठी लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. तेव्हा माझ्या नवऱ्याच्या डोक्यात मोटार शिरली होती. नवऱ्याचं नाव सुकलाल. तेव्हा ते नाव तोंडातून काढायची सोय नव्हती, आता मी खुशाल घेते, अडवायला कुणी उरलेलं नाही. नंदुरबारच्या सलाउद्दीनशी त्यांची दोस्ती होती. सलाउद्दीन खापर गावच्या बाजूने बांबू आणि लाकूड आणून विकायचा. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक छोटी लॉरी होती, पुढे दोघांना बसायची जागा आणि मागे उघडा हौदा. आता माझे नातू तिला पिकअप म्हणतील. आमच्या गावाने तिला मोटारच म्हटलं. नुसतं स्टिअरिंगच्या चाकामागे बसायला मिळावं म्हणून आमचे हे फुकटात बांबू चढवून यायचे, आणि त्या नादात चालवायलाही शिकले. सलाउद्दीनने मोठी लॉरी घेतली आणि लहान विकायला काढली, तसं यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

माझे सासरे हिलाल आबा. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की आबांना सोबत नेत. बाजारात आबा एखाद्या बैलापासून नुसते मान हलवून पुढे गेले, तर त्या दिवशी तो बैल विकला जात नसे. मोटारीला ते एका अटीवर तयार झाले.

"जनावर मी पारखसू."

"आबा, ती मोटार शे."

"चालस ना? मंग जनावर."

सासूबाईंनीही आपली अट घातली. मोटार चालली तर वहूला आखाजीला तीच नेईल आणि तीच आणेल. नाही चालली, तर वहू यंदा घरी. मी लगेच म्हसावदला निरोप धाडला की मला न्यायला मुऱ्हाळी पाठवू नका, मी मोटारीने येते. घाई केली, पण असा निरोप धाडायची संधी तोवर म्हसावदच्या एकाही लेकीला मिळाली नव्हती.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही बैलगाडीने नंदुरबारला गेलो. आबा आणि हे सौद्याला, सासूबाई आणि मी बांगड्या भरायला. बांगड्या भरून आम्ही सलाउद्दीनच्या दारात आलो, तर मोटार निंबाखाली सुरूच होती, आणि हिव भरल्यासारखी थरथरत होती. गिऱ्हाईक यायच्या आधी बैलाला गूळ चारून ठेवतात, तसं सलाउद्दीनने तिला आधीच जागं करून ठेवलं होतं.

आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग उलट बाजूने दुसरी मारली.

"दात दखाड," ते म्हणाले.

सलाउद्दीनने हसू दाबत पुढचं झाकण उचललं. आबा वाकले आणि गरम वाफ लागताच मागे सरले. "तोंडमां भलतीच आग शे." मग टायर दाबून पाहिले. "खुर झिजेल शेत."

"लष्करमां चालेल शे, आबा. बसेल जनावरना खुर झिजतस का?"

हे उत्तर आबांना आवडलं. "लाथ मारस का?"

"मांगे नही मारस. फुडे मारस कधी कधी. सुकलालले माहीत शे."

"आते खोड सांग. पाठवर हात ठेईसन सांग."

जनावराच्या पाठीवर हात ठेवून विकणारा खोटं बोलत नाही, असा बैलबाजाराचा रिवाज. सलाउद्दीनने झाकणावर हात ठेवला, "या अल्ला!" म्हणून उचलला आणि टोपी मध्ये घालून पुन्हा ठेवला. "एकच खोड शे. तिनं बटन लढाईमांच गयं. आपेआप उठत नही, उठाडनी पडस."

"तसा त मन्हा आंडोर बी शे," आबा लेकाकडे बघत म्हणाले. यांनी मान खाली घातली.

भाव उपरण्याखाली ठरला. दोघांचे हात आत, बोटांची भाषा चालू, तोंडं गंभीर. सलाउद्दीनला त्या भाषेचा सराव नव्हता. "आबा, गुदगुल्या नका करू," तो मध्येच म्हणाला, आणि मी पदरात हसले. काय ठरलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सासूबाई मोटारीत बसायला कबूल होईनात. त्यांनी बैलगाडीचा कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या. हे चाकामागे बसले, आबा त्यांच्या शेजारी, मी मागे हौद्यात. सलाउद्दीन पुढे जाऊन गल्लीतली पोरं आणि शेळ्या बाजूला करत होता. तेवढ्यात आबांच्या पायाला काहीतरी लागलं. त्यांनी वाकून उचललं. जुन्या गोणपाटात गुंडाळलेलं काही होतं, आतून लोखंडाचं टोक आणि एक दोरी लोंबत होती.

"थांब रे," म्हणून आबा खाली उतरले. यांची नजर चाकावरून हलली नाही.

सलाउद्दीनची म्हातारी आई, हाजराबी, दाराशी उभी होती. आबांनी ते बोचकं दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"हाजराबी, हाई तुन्हं. चुकीसन मन्हाजोडे येई ऱ्हायनं व्हतं."

हाजराबीने दोरी चाचपली आणि तिचे डोळे भरून आले. "हिलालभाऊ, आजकाल इतलं कोन पाळस?" तिने ते पदरात घेतलं.

ज्यांच्या घरी कधी दावण नव्हती त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं धन्याच्या खुंटीला राहतं. तेही गेलं तर घराची बरकत त्याच्या मागोमाग जाते. हाजराबीने जन्मभर शेळ्या पाळल्या होत्या, तिला हे सांगावं लागलं नाही. आणि जुना माणूस घेणारा असला, तर चुकून आलेलं दावं तो स्वतः परत करतो. मला सासऱ्यांचा फार अभिमान वाटला.

वाटेत आबांनी यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "दावं परत दिधं!" मोटारीच्या आवाजात यांनी नुसती मान डोलावली. त्यांचे दोन्ही डोळे रस्त्यावर होते आणि तोंड उघडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या मोटारीत बसले होते. तेव्हा त्यांना कुणी घर जळतंय असं सांगितलं असतं तरी ते डोलले असते.

कोरीटमध्ये पोहोचलो तेव्हा गाव वेशीवर. बायकांनी चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. यांनी पुढचं झाकण उघडून बादलीभर पाणी आत ओतलं, तर आबा जमलेल्यांना म्हणाले, "देखा, तीस लागेल व्हती बिचारीले." मग यांनी मोटार बंद केली. ती एकदा शहारली आणि गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझी ओटी भरली. मी नव्या बांगड्यांनी, नवं लुगडं नेसून उंबरा ओलांडला आणि हौद्यात पोत्यावर जाऊन बसले. यांनी बसायच्या जागेखाली हात घातला. मग डोकं घातलं. मग अर्धे आत गेले.

"हँडल कोठे गयं?"

"कसानं हँडल?" आबांनी विचारलं.

"ज्याघाई तिले उठाडतस ते! त्याबिगर ती उठत नही!"

आबाही शोधायला लागले. गोठा पाहिला, चूल पाहिली, कोंबड्यांची डाली उचलून पाहिली. सगळ्यात मन लावून आबाच शोधत होते. सापडेना, तेव्हा यांचा चेहरा उतरला. "सलाउद्दीननी काढी लिधं व्हई."

"दोस्त म्हने!" आबा कडाडले. "पाठवर हात ठेईसन खोटं बोलना!"

मग गावच्या पोरांनी ढकलून पाहिलं. मोटार ढकलून जागी व्हायला उतार लागतो, आणि आमचं गाव तव्यासारखं सपाट. ती दोनदा खोकली, एकदा धूर सोडला, पुन्हा झोपली. आमचा शेजारी चुडामण ओट्यावर बसून दातवण करत होता. "आबा," तो म्हणाला, "दात मोजेल व्हतात ना?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लबाडीने विकलेल्या जनावराचं काय करायचं, हे त्यांना पाठ होतं. खोड लपवली असेल, तर जनावर विकणाऱ्याच्या दारात नेऊन बांधायचं आणि चार लोकांत जाब विचारायचा.

"जुपा बैल. मोटार परत."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. मोटार परत गेली की यांची मोटार गेली आणि माझी आखाजी गेली. मुऱ्हाळी येणार नव्हता, मीच नको म्हटलं होतं. आणि बैल तर आता नंदुरबारकडे निघणार होते, म्हसावदच्या बरोब्बर उलट्या दिशेला.

"उतर वं वहू," सासूबाई म्हणाल्या. "यंदा घरच."

मी उतरले नाही. उद्धटपणा करायचं बळ माझ्यात नव्हतं, पण एक गोष्ट मला सासूबाईंनीच शिकवली होती. मी पदर सारखा करून हळूच म्हणाले, "माय, ओटी भरेल शे. उंबरा ओलांडेल शे. आते मांगे कशी फिरू?"

ओटी भरून निघालेल्या लेकीने मागे फिरू नये, हे सासूबाई साऱ्या गल्लीला सांगायच्या. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा रिवाजाच्या बाहेर जाणारे नव्हते. "खरं शे," ते कुरकुरले. "बशी ऱ्हाऊ दे."

अशी मी निघाले. पुढे बैलजोडी, बैलांच्या बाजूने पायी आबा, मागे दोरांनी बांधलेली मोटार, चाकामागे मान खाली घातलेले हे, आणि हौद्यात हिरव्या बांगड्या भरलेली मी, माहेराकडे पाठ करून माहेरी निघालेली. वाटेतल्या माणसांना एवढी करमणूक जत्रेतही मिळाली नसेल.

"सुकलाल, मोटार कितला बैलनी शे रे?"

"आबा, मोटार आजारी शे का माहेरले जाई ऱ्हायनी?"

एका ठिकाणी थोडा उतार लागला. यांनी गुपचूप काहीतरी खटका ओढला. मोटार अशी काही ठसकली की बैल उधळले. आम्ही इतक्या वेगाने कधीच गेलो नव्हतो. मी पोत्याला धरलं, आबा उपरणं सावरत मागून धावत होते. कसेबसे बैल थांबले, तेव्हा आबा धापा टाकत म्हणाले, "तिले चूप बसाड! बैल मन्हा शेत, त्या परत देवाना नही शेत!"

सलाउद्दीनच्या दारात पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गल्ली जमली. आबांनी बैल थांबवले, उपरणं झटकलं आणि मोठ्याने म्हणाले, "सलाउद्दीन! बाहेर ये. तुन्हं जनावर बांधी ले."

सलाउद्दीन अर्धी भाकरी हातात घेऊन बाहेर आला. त्याने बैल पाहिले, दोर पाहिले, मला पाहिलं. "काय व्हयनं, आबा?"

"हँडल कोठे शे?"

"मोटारमां. मी सोता ठेयेल शे. गोणपाटमां गुंडाईसन, बसानी जागाखाले."

गोणपाट हा शब्द ऐकला आणि मी आबांकडे पाहिलं. आबांच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. ते आणखी चिडले. "मंग आमीच चोर का? मन्हा घरमां चोर शेत?"

आवाज ऐकून हाजराबी बाहेर आली. भांडण तिच्या कानावर नीट पडलं नव्हतं. तिने फक्त हिलालभाऊंना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"हिलालभाऊ! ये, ये. तुन्हं दावं कसं जपेल शे ते देख."

तिने आबांना दारातून आत बोट दाखवलं. आबा वाकले. मी हौद्यात उभी राहिले, म्हणून मलाही दिसलं. समोरच्या भिंतीवर, कोनाड्याशेजारी, खुंटीला एक वाकडा लोखंडी दांडा दोरीने टांगलेला होता. पुसून लख्ख केलेला. खाली लोभानाची राख. दोरीत मोगऱ्याची फुलं खोवलेली.

"हँडल!" हे ओरडले.

"दावं," आबा म्हणाले. पण या खेपेला त्यांचा आवाज फार बारीक होता.

गल्लीत कुणी हसलं नाही. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं, पुसायला काही नसताना. सलाउद्दीनने भाकरीचा तुकडा तोंडात घातला, कारण तोंड रिकामं ठेवणं त्याला धोक्याचं वाटलं असावं. शेवटी आबाच त्याच्यापुढे गेले. "मी समजनू खुंटा शे. दोरी बांधेल व्हती ना." आणि मग चार लोकांत, जिथे जाब विचारायला आले होते तिथेच, हात जोडून म्हणाले, "तू खरा निंघना, भो. पाठवर हात ठेईसन खरंच बोलना व्हता."

त्यानंतर मात्र सगळी गल्ली फुटली. सलाउद्दीन तर भाकरीसकट खाली बसला. माझ्या यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदत होते. आबाही हसले, जरा उशिरा.

पण गोष्ट इथे संपली नाही. हे हँडल काढायला धावले, तर हाजराबी दारात आडवी उभी.

"आते कसं देऊ? दावं घरमां टांगेल शे. मी लोभान दिधा. आते हाई गयं तं मन्ही बरकत जाई."

"माय, ते दावं नही शे!" सलाउद्दीन कळवळला. "लोखंड शे, मोटारनं!"

"हिलालभाऊनी दावं म्हनीसन दिधं. मी दावं म्हनीसन लिधं. तुमी पोरं कोन बोलनारा?"

सलाउद्दीनने आबांकडे पाहिलं: आता तुम्हीच सांगा. आबांनी दाढी खाजवली आणि गंभीरपणे म्हणाले, "हाजराबी बरोबर शे."

माझ्या डोळ्यांपुढे म्हसावदचा निंब आला, रिकामा झोका आला. उद्या आखाजी. इथे दोन म्हातारी माणसं एकमेकांना बरोबर ठरवत बसली होती, आणि अशी माणसं एकमताला आली की त्यांना हलवणं कठीण. मला राहवेना. सासऱ्यांसमोर मोठ्याने बोलायची रीत नव्हती, म्हणून मी हौद्यातूनच, पदराआडून, हाजराबीला म्हणाले, "माय, दावं म्हनजे दोरी ना? खुंटा थोडाच दावं व्हस?"

हाजराबीने मान वर करून मला पाहिलं. "हाई कोन? वर काबर बशेल शे?"

"मन्ही वहू शे," आबा म्हणाले. "आखाजीले माहेर जाई ऱ्हायनी."

"अशी?" हाजराबी म्हणाली. "नंदुरबारवरथीन?"

आता हसायची पाळी तिची होती. ती आत गेली, खुंटीवरून दांडा काढला, बसून सावकाश दोरीची गाठ सोडली. दोरी मोगऱ्यासकट परत खुंटीला अडकवली. लोखंड आबांच्या हातात दिलं. "दोरी मन्ही. लोखंड तुन्हं." मला तिने बत्ताशांची पुडी वर फेकली.

दांडा हातात आल्यावर आबांनी तो यांना दिला नाही. "मी उठाडसू," म्हणाले. सलाउद्दीनने कुठे घालायचा आणि कसा फिरवायचा ते दाखवलं, अंगठा बाहेर ठेवा म्हणून बजावलं. आबांनी जोर लावला. एकदा, पुन्हा. तिसऱ्या वेळी दांडा उलटा फिरला आणि आबा धुळीत बसले. आम्ही सगळे ओरडलो. मोटार धडधडायला लागली होती.

आबा बसल्या जागी तिच्याकडे बघत होते. चेहरा असा की जणू बाजारात एखादं अस्सल खोंड नजरेला पडलंय.

"मारं!" ते म्हणाले. "फुडेच मारं! सलाउद्दीननी सांगेल व्हतं!" आणि कपडे झटकत उठले. "जित्तं शे रे. भलतं जित्तं शे."

बैल सलाउद्दीनच्या दारात बांधले, आणि या खेपेला मोटार निघाली. कोरीटमधून जाताना यांनी भोंगा दाबून धरला तो वेस संपेपर्यंत सोडला नाही. चुडामण अजून ओट्यावर होता. सासूबाई दारात आल्या, हात वर केला, मग निघालेल्या लेकीला थांबवू नये हे आठवून खाली घेतला. प्रकाशा गावाजवळ तापीच्या वाळूत चाकं रुतली, तिथल्या गाडीवाल्यांनी तुरीच्या काड्या टाकून आम्हाला बाहेर काढलं. आबा तेवढ्या वेळात खाली उतरले नाहीत. हँडल मांडीवर घेऊन बसले होते, नात घेऊन बसावं तसे.

म्हसावदला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मोटारीमागे अर्धं गाव पळत होतं. आईने मला उतरवून घेतलं, भावाने निंबाकडे बोट दाखवलं. झोका बांधलेला होता. मी पायांवर पाणीसुद्धा न घेता आधी त्यावर जाऊन बसले, लुगड्याला शहाद्याची धूळ, हातात बत्ताशांची पुडी. दुसऱ्या दिवशी त्या झोक्यावर मी जी गाणी म्हटली त्यात सासूचं नाव एकदाही आलं नाही. हाजराबीचं आलं.

त्या संध्याकाळी झोक्यावरून मला ओटा दिसत होता. वडिलांनी व्याह्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, प्यायला तांब्या पुढे केला. आबांनी एका हाताने तांब्या घेतला. दुसऱ्या हातातलं लोखंड काही सुटेना.

"व्याही," वडिलांनी आदराने विचारलं, "हाई काय शे?"

"मोटारनं दावं," आबा म्हणाले. आणि वडील ते ठेवून घ्यायला हात पुढे करतील या भीतीने घाईने पुढे बोलले, "पन हाई कोनले देतस नही."